खुंटीवरचा तळचा सदरा

"चोर माझ्याच घरात आहे!" घड्याळजी दारातूनच कडाडले. "माझी सून!"

गुप्तहेराने नुसती मान डोलावली. ऐकलेलं सगळं शोषून घेतो म्हणून लोक त्याला टिपकागद म्हणत. शेजारी बसलेल्या त्याच्या मेहुण्याला मात्र 'सून' एवढा पुरावा पुरला.

शुक्रवारी एका कप्तानाचं सोन्याचं खिशातलं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. संध्याकाळी घड्याळजींनी ते स्वतः लपवलं, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात, लंबकाच्या पेटीत. आज बुधवार, आणि पेटी रिकामी. कप्तान संध्याकाळी येणार. तोवर घड्याळ मिळालं नाही, तर सुनेवर पोलिसांत तक्रार.

"अजून डोळ्यांसमोर आहे हो! हा हात त्या पेटीत गेला!"

घड्याळजींच्या दुकानात म्हातारा कारागीर डोळ्याला भिंग लावून बसला होता. "किमती घड्याळ आलं की मालक रोज नव्या जागी लपवतात. तेव्हा घरच्यांनासुद्धा बाहेर पिटाळतात."

"कुठेही लपवतात?" टिपकागदाने विचारलं.

"छे! गुडघे कुरकुरतात त्यांचे. बसल्या जागी हात पुरेल तेवढंच. सकाळी काढताना दिसतंच की."

सून मागच्या खोलीत डोळे पुसत होती. "शुक्रवारी दुकानाला रंग लावला, काका. भिंतीवरची घड्याळं माडीवर नेली होती, ती शनिवारी दुपारी परत टांगली. बाबा दिवसभर इथे सासूबाईंच्या बंद शिलाई मशीनचं टेबल करून घड्याळं दुरुस्त करत होते. त्या गेल्यापासून ते मशीन कुणी उघडलेलं नाही."

"भावोजी, रडतेय म्हणजे हीच," मेहुणा कुजबुजला.

"तुझी अक्कल जेवणासाठी राखून ठेव."

टिपकागदाने सगळ्यांना तिथेच बोलावलं. "घड्याळजी, शुक्रवारी मोठं घड्याळ भिंतीवर नव्हतंच. पेटीत हात गेला तो शनिवारी, दुसऱ्या कुणाचं घड्याळ घेऊन."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मुळीच नाही. आठवणीच्या एका खुंटीवर सदऱ्यावर सदरा टांगत गेलात. शुक्रवारवर शनिवार, त्यावर रविवार. तळचा शोधायला गेलात आणि हाती वरचा आला. पण तळचा कुठे गेलेला नसतो. शुक्रवारी बसला होतात तसे बसा बरं."

घड्याळजी मशीनपुढे टेकले. क्षणभर काहीच झालं नाही. मग उजवा हात आपसूक खाली गेला, मशीनच्या छोट्या खणाकडे. घड्याळजी दचकले.

"हा खण मी कधीच उघडत नाही."

"उघडा."

दोऱ्याच्या रिळांमध्ये सोनं चमकलं.

मेहुणा खणात वाकून पाहू लागला. ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्याच माणसाच्या आत ती संध्याकाळ जशीच्या तशी जागी होती. याहून मोठं नवल त्याने पाहिलं नव्हतं.

"आठवलं," घड्याळजींनी मशीनवर हात ठेवला. "माझ्या बायकोलाच म्हणालो होतो, आजची रात्र सांभाळ गं."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "पोरी, चुकलो मी."

तिने डोळे पुसले आणि खणातलं घड्याळ उचलून त्यांच्या हातात दिलं.

कप्तान घड्याळ घेऊन गेला. दुकान बंद करायची वेळ झाली, तशी सून सवयीने बाहेर जायला उठली.

"तू थांब," घड्याळजी म्हणाले. "आजपासून जागा एकच, हा खण. आणि ती तू लक्षात ठेवायची."