निळं भांडं

चर्चच्या पायरीवर मारितचा पाय घसरला, आणि समोरून येणाऱ्या एल्डनने झेप घेऊन तिच्या हातातली भांड्यांची चळत अलगद झेलली. ती मात्र थेट बर्फात बसली.

"मला धरायचं सोडून भांडी धरलीस?"

"तू पडलीस तर उठशील. आर्डिसकाकूंचं भांडं फुटलं असतं, तर मला गाव सोडावं लागलं असतं!"

मारितला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच... आणि लगेच अपराध्यासारखंही वाटलं.

बाबा गेले आणि चर्चमधल्या बायकांनी घर खाण्याने भरून टाकलं. भाजलेले बटाटे, खिमा, भोपळ्याच्या गोड पाई. भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहायचं, ही तिथली रीत. भांडं परत गेलं की देणंघेणं मिटलं. मारितला सगळं मिटवायचंच होतं. घर विकलं गेलं होतं, आणि शनिवारी ती बहिणीकडे दूर ऑरेगनला निघणार होती. कायमची.

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात उद्याच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची धांदल चालली होती. भांडी ज्याची त्याला पोचली. उरलं एक निळं, कान तुटलेलं भांडं. त्याला पट्टीच नव्हती. आर्डिसकाकूंनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं आणि नाक मुरडलं.

"आमच्यातलं नाही हे. असलं भांडं कोणी शुद्धीवर असताना देणार नाही."

एल्डन कोपऱ्यात बटाटे सोलत होता. मारित त्याच्याजवळ गेली.

"तुला माहितीये का कुणाचं ते? यात कोंबडी-भात आला होता. खालून पार करपलेला."

"असेल कुणाचा तरी पहिलाच प्रयत्न. दया कर ना जरा."

"खाल्ला मी. सगळा. त्या आठवड्यात दुसरं काही घशाखाली उतरलंच नाही."

एल्डनच्या हातातला बटाटा थांबला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझं आहे का?"

"...नाही."

इतकं धडधडीत खोटं! तिने भांडं त्याच्यापुढे धरलं, पण तो हात पुढे करेना.

"शनिवारी जातेय मी," ती हळूच म्हणाली.

"ऐकलंय."

"मग? काहीच नाही म्हणायचं?"

"काय म्हणू? थांब म्हणायला माझ्याकडे आहे काय... बर्फ आणि गाई." तो पुन्हा सोलू लागला. तिला त्याचा असा राग आला, की ती भांडं काखोटीला मारून वर निघून गेली.

संध्याकाळच्या प्रार्थनेला बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. बाबांची बाकावरची जागा रिकामी होती. प्रार्थना संपल्यावर एकेकाने उठून वर्षभरातल्या एका गोष्टीबद्दल आभार मानायचे असतात. कुणी पिकाबद्दल मानले, कुणी नातवाबद्दल. मारितने ठरवलं होतं, उठायचंच नाही. या वर्षाचे कसले आभार?

तेवढ्यात एल्डन उठला. जन्मात कधी न उठणारा एल्डन! पाद्रीबाबांनीही मान वर केली.

"माझं एक भांडं... एकीकडे राहिलंय," तो टोपी चुरगाळत म्हणाला. "ते अजून परत आलं नाही. त्याबद्दल देवाचे आभार."

मागून आर्डिसकाकू पुटपुटल्या, "अगं बाई! ते निळं याचं होय?"

मारितच्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. ती उठली.

"मी देणार नाही ते," ती म्हणाली.

"मोठ्याने बोल गं, ऐकू नाही आलं!"

"देणार नाही म्हटलं, काकू!"

सगळे हसले. मारित मात्र रडत होती.

पण घर विकलेलंच होतं आणि बहीण वाट पाहत होती. शनिवारी आभाळ राखेसारखं होतं. एल्डनने गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडलं. मग निळं भांडं तिच्या शेजारच्या सीटवर ठेवून तो त्याला सीटचा पट्टा बांधू लागला. बराच वेळ बांधत राहिला.

"रिकामं आणू नकोस हं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "हे भांडं रिकामं परत घेणार नाही मी."

"आणि करपलं तर?"

"करपलेलं खाईन. फक्त... आण."

"ईस्टरला आणते. नक्की."

त्याने मान डोलावली. हात अजून पट्ट्यावरच होता.

"एल्डन," ती म्हणाली, "भांडं सोड आता. या वेळी तरी मला धर."

त्याने तिला धरलं. त्याच्या कोटाला गोठ्याचा वास येत होता, आणि तो रडत होता. "मारित, आवडतेस गं मला..." तो तिच्या केसांत म्हणाला. थांब मात्र म्हणाला नाही.

मग ती गेली.