आवडाबाईंची अट

सॉफ्टवेअरची लायसन्सं वाचून कंपनीला हो-नाही सांगायचं, हे माझं ठाण्यातलं पोटापाण्याचं काम. त्यामुळे माझ्या भाच्यानं, सिद्धेशनं, बाळकुमच्या आवडाबाईंच्या आवाजाचं एआय मॉडेल करून सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हा लायसन्सची शेवटची ओळ वाचून मी हसलेच. पितरांच्या बोलावण्यात हयात माणसाचं नाव घालण्यासाठी हा आवाज वापरू नये.

"अरे, वापरावर अट घातलीस की ते ओपन सोर्स राहत नाही."

"आवडाआजी त्याशिवाय गायलाच तयार नव्हती, मावशी. नुसती ओळ आहे गं. कोडमध्ये काही नाही."

मी तपासलं. खरंच काही नव्हतं. म्हणजे ती अट नुसती कागदी वाघ.

आमच्या आगरी लग्नात आवडाबाईंसारखी धवलारीण गाण्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं बोलावते. यंदा आवडाबाईंचा गळा पार गेला होता, म्हणून संचिताच्या, सिद्धेशच्या बहिणीच्या, हळदीला ते काम मॉडेलवर आलं. भर दुपारी, मांडवात. सिद्धेश लॅपटॉपवर नाव टाकायचा आणि स्पीकरमधून आवडाबाई गायच्या. खऱ्या आवडाबाई खुर्चीत बसून ओठ हलवत होत्या.

मग त्यानं वडिलांचं नाव टाकलं. साईनाथ.

भाऊजी घर सोडून गेले तेव्हा संचिता शाळेतही जात नव्हती. पुढे ना पत्र, ना फोन. सगळ्यांनी हात टेकले, पण ताईनं, या दोघांच्या आईनं, कुंकू पुसलं नाही. "ते आहेत," एवढंच म्हणायची. संचिताला मात्र लग्नात बापाला कुठेतरी जागा द्यायची होती, मेलेल्यांत तर मेलेल्यांत. मला भडभडून आलं होतं.

आवाज थांबला.

सिद्धेशनं पुन्हा नाव टाकलं. स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू आला. मयत चुलत्याचं टाकलं, गाणं सुरळीत झालं. साईनाथ म्हटलं की गप्प.

"बघा," ताई म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना. "मी सांगत नव्हते?"

"आई, बग आहे तो." सिद्धेश चिडला होता. "थांब, नेटवर कोणीतरी ती अट उडवून मॉडेलची कॉपी टाकलीय. ती लावतो."

त्यानं ती उतरवून घेतली. मी दोन्ही ताडून पाहिल्या. ती एक ओळ सोडली तर कशातच फरक नव्हता. हीसुद्धा गप्पच बसणार, असं मी ताईला बिनदिक्कत सांगितलं.

आवडाबाईंनी सिद्धेशचं मनगट धरलं. घशातून जेमतेम हवा निघत होती. "नको रं पोरा. जित्या मानसाला तिकरं बोलवाचा नाय."

"आजी, मशीन आहे ते."

त्यानं हात सोडवून घेतला.

आवाज गायला. साईनाथ, या. मोकळ्या गळ्यानं, अगदी आर्जवानं. साईनाथ, या हो.

आवडाबाईंनी कानांवर हात ठेवले.

ताई मटकन खाली बसली. संचिता रडत तिच्या गळ्यात पडली. मी लॅपटॉप बंद केला. माझी बोटं गार पडली होती आणि त्याचा मला राग येत होता.

उन्हं कलताना, पोरीला हळद लागत असताना, ताईचा फोन वाजला. मी उचलला. खडवलीहून पोलीस बोलत होते. दुपारी भातसा नदीत एक माणूस बुडाला होता. त्याच्या खिशात हा नंबर सापडला होता.

तो जिथं काम करायचा त्या खानावळीच्या मालकीणबाई शेजारीच होत्या. त्यांनी फोन घेतला.

"चांगले जेवायला बसलेले हो. अर्ध्या ताटावरून उठले, धुतलेला शर्ट घातला. म्हणाले, पोरीच्या लग्नाचं बोलावणं आलंय."

लग्नाचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. ते कुठे आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

"मी ओरडले, अहो, स्टेशन इकडे आहे. पण ते नदीकडेच चालत राहिले. पाणी गळ्याला लागलं, तरी समोर बघून म्हणत होते, आलो, आलो."