मार्सचा उजवा हात

“बोटं सैल सोड, योस. युद्धदेव आहेस, पण आत्ता प्रेमात पडलायस,” व्हरबेक मास्तर सांगायचे.

“मास्तर, हमालाचा हात हा. ओझं उतरलं तरी मूठ सुटत नाही,” योस म्हणायचा.

माझी धाकटी बहीण लीव्ह चित्रासाठी प्रेमदेवता व्हीनस होऊन त्या मार्सच्या हातातली तलवार काढून घेत उभी असे. अंगावर जेमतेम वस्त्र. म्हणून मी सकाळची प्रार्थना आटोपून ब्रुसेल्समधल्या त्या चित्रशाळेत कोपऱ्यात जपमाळ ओढत बसे.

“ताई, देवाला सांग, थंडी वाजतेय,” ती मध्येच म्हणे.

दोघांचं लग्न ठरलं होतं. तेवढ्यात सम्राटाच्या सैन्यभरतीची सोडत झाली आणि तीत योसच्या नावाची चिठ्ठी निघाली.

“तलवार टाकली की आलोच,” तो निघताना म्हणाला.

“मी शहराच्या लूव्हन वेशीवर उभी असेन,” लीव्ह म्हणाली.

चित्रातला उजवा हात तेवढा राहिला होता. मास्तरांनी तो लाकडी पुतळ्यावरून रंगवला, बोटं उघडी. सकाळी आम्ही पाहतो तर मूठ मिटलेली. त्यांनी रंग खरवडला, हात पुन्हा काढला. पुन्हा मिटलेली. कोणी खोडी काढतंय म्हणून कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडे दिली. मूठ मिटतच राहिली. हिवाळाभर हेच. हळूहळू पेरं पांढरी दिसू लागली, मनगटावर शिरा फुगल्या.

“देव जमले, ढग जमले, कबुतरं जमली. हा एक हमाल ऐकेना,” मास्तरांनी ब्रश फेकून दिला.

लीव्ह तर चित्राशी भांडायची. “टाक की रे मेल्या ती तलवार. किती वाट पाहायची माणसानं?”

ईस्टरआधीच्या उपासातल्या एका शुक्रवारी मी कुलूप काढलं.

हात उघडा होता.

मास्तर खुर्चीत बसले. “सुटला एकदाचा,” म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

कपडे बदलायच्या पडद्याआड जाऊन लीव्हनं केस विंचरले.

मी चित्राजवळ गेले. इतका सैल हात मास्तरांना कधी जमला नव्हता. फक्त नखांखाली काळं दिसत होतं. रंग असेल म्हणून मी एप्रनच्या टोकानं पुसलं.

माती होती. ओली.

मी वळले. लीव्ह शाल गुंडाळून, लाकडी बूट हातात घेऊन, वेशीकडे जायला आवाज न करता जिना उतरत होती.