चहातली शाई

मी ठमी. बाळंतिणींच्या घरी मदतीला जाणारी यंत्रबाई. यंत्रांना राग येत नाही, असं माझ्या माहितीपत्रकात छापलंय. ज्याने छापलं, त्याने बार्शीच्या आजींकडे एक दिवस काढून दाखवावा!

आजींची लेक शीतल दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ छान गुटगुटीत. पण ते रडलं की शीतल म्हणायची, "ठमे, तूच घे गं त्याला." पाजायला घ्यायची तेही भिंतीला टेकून, मी खाली हात धरल्यावरच.

एका दुपारी तिची थोरली, दहा वर्षांची निहिरा, डोळे भरून माझ्यासमोर उभी राहिली. "आईला बाळ आवडत नाही का गं?"

"काहीतरीच काय! तिला चक्कर येते. बाळ हातातून पडेल म्हणून घाबरते ती."

"पण चक्कर का येते?"

समजावून सांगायला मला फार आवडतं. या घरात ऐकणारं कोणी नाही, ही गोष्ट वेगळी. "आपल्या रक्तात हिमोग्लोबिन (लोह असलेला लाल पदार्थ) असतं. श्वासातला प्राणवायू तेच उचलतं आणि हातापायांना, मेंदूला पोचवतं. बाळंतपणात आईचं बरंच रक्त गेलं. उचलणारंच कमी झालं, मग प्राणवायू पुरणार कसा? त्यामुळे थकवा, धाप, चक्कर. याला रक्तक्षय (रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होणं) म्हणतात. नवं हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागतं."

"पण लोहाची गोळी तर ती रोज घेते!"

"घेते ना! चहाबरोबर!" माझा आवाज चढला. "आजींना सांगून सांगून दमले. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा दोन तासांनी द्या. ऐकतंय कोण?"

"गरम चहाने गोळी बाधत नाही," आजी ओट्यापासूनच म्हणाल्या. "शीतलच्या वेळी मीही अशीच घ्यायचे. तुला काय कळतंय गं बाळंतपणातलं, पत्र्याची मेली!"

कपाळ माझं! मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात निहिरा उठली. एक गोळी कुस्करून तिने सरळ आजींच्या कोऱ्या चहात टाकली आणि ढवळली. तांबूस चहा बघता बघता काळाकुट्ट झाला.

"अगंबाई! ही तर शाई!" आजी कपात बघतच राहिल्या.

"चहातल्या टॅनिनने (तुरटपणा देणारं द्रव्य) लोहाला धरून ठेवलं," मी म्हणाले. "पोटातही तेच होतं. धरलेलं लोह रक्तात फारसं शिरतच नाही."

आजींनी कप दूर सारला. "म्हणजे इतके दिवस माझ्या लेकीला मी शाईच पाजली?" त्यांचा चेहरा इतका उतरला, की माझं तयार असलेलं भाषण मी गिळलं.

निहिरा म्हणाली, "मी मोठी झाले ना, की चहाशी न भांडणारी गोळी शोधणार."

"लवकर शोध बाई," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "चहावाचून तुझ्या आईचं डोकं दुखतं."

डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासलं आणि तीच गोळी चालू ठेवायला सांगितली. आता ती लिंबूपाण्याबरोबर जाऊ लागली. पण आजींनी माझं डोकं खाल्लं. "अजून कसा फरक नाही गं?" अहो, रक्त म्हणजे काय कुकरचा भात आहे, शिट्टी झाली की तयार?

महिना उलटला. एका सकाळी बाळाने भोकाड पसरलं. मी नेहमीसारखे हात पुढे करून धावले, तर शीतल आधीच उठलेली. तिने बाळाला उचललं, खांद्यावर टाकलं आणि गुणगुणत गॅलरीत गेली. निहिरा उड्या मारत तिच्या मागे. मी रिकामे हात तसेच धरून उभी राहिले.

"बघत काय उभी राहिलीस ठमे, चहा ठेव," आजी म्हणाल्या. मग त्यांनीच जीभ चावली. "नको, थांब. आधी लिंबू काप."

मला काही बोलावंच लागलं नाही.