चाकामागचा बाक

"या बाकाला करवत लावायची असेल तर आधी माझ्या पायाला लावा, सांगून ठेवते!"

सकाळी सकाळीच वहिनी कुंभाराच्या चाकामागच्या उंच बाकावर चढून बसली होती, दोन्ही हातांनी त्याच्या कडा घट्ट धरून, आणि समोर तिचा नवरा हातात करवत घेऊन उभा होता, चोरी करताना पकडल्यासारखा! चढताना तिच्या उजव्या खुब्यातून जी जीवघेणी कळ उठली होती, ती तिने दातांखाली दाबून टाकली होती; पण कपाळावर आलेला घाम काही तिला दाबता आला नाही. नवऱ्याने तो पाहिला आणि त्याचं काळीज पिळवटून निघालं.

"अगं, काल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तूही ऐकलंस ना?"

"ऐकलं. माझे कान शाबूत आहेत, खुबा गेलाय."

डॉक्टरीणबाईंनी अगदी समजावून सांगितलं होतं. खुब्याच्या सांध्यात हाडावर जी गुळगुळीत कूर्चा असते, गादीसारखी, तिचा एकाच जागचा तुकडा झिजून तिथे खड्डा पडला होता. आजूबाजूची कूर्चा मात्र उत्तम होती. या चांगल्या कूर्चेचा एक कण काढायचा, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि त्या पुन्हा नेऊन खड्ड्यात बसवायच्या. "सगळीच झिजली असती तर सांधा बदलण्यावाचून इलाज नव्हता," त्या म्हणाल्या होत्या. "तुमची मात्र तुम्हालाच परत वाढवून देता येईल." मग त्यांनी वहिनीला एका स्टुलावर बसवून चाक कसं चालवते ते करून दाखवायला लावलं, आणि तिचा लोंबकळणारा पाय पाहून त्यांच्या भुवया चढल्या. "हेच एक कारण असेल असं नाही. पण हा बाक खाली आल्याशिवाय मी काही हात लावणार नाही. नवी कूर्चा कोवळी असते हो! जुनी ज्याने खाल्ली त्याच्याच तोंडी नवी देऊ?"

आणि घरी येऊन वहिनीने निकाल सांगून टाकला होता. बाक खाली येणार नाही. मग उपचार नाही झाला तरी चालेल!

मुळात अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणायची. ज्याने या नावाने तिला पहिल्यांदा हाक मारली, तो तिचा धाकटा दीर तेवढा आता मारत नव्हता.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो आईवेगळा पोर दाराआड उभं राहून तिच्याकडे टुकुटुकु बघत होता, नाक वाहत होतं आणि वयाच्या मानाने इतका ठेंगणा की तिने पहिल्याच दिवशी त्याचं नाव बुटक्या ठेवलं. त्याला भरवलं तिने, तापात उशाशी बसली ती, शाळेत त्याच्या वतीने भांडली ती... आणि हा बुटक्या बघता बघता असा काही ताडमाड वाढला की कारखान्याच्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागू लागली! हात तर देवाने घडवूनच पाठवलेले. त्याने नुसती बोटं टेकवावीत आणि चाकावरच्या मातीने मान उंच करून वर यावं! थोरल्या भावाने, वहिनीच्या नवऱ्याने, मोठ्या हौसेने धाकट्याच्या लांब पायांच्या मापाचा हा बाक बनवला, त्याचा तळवा खालच्या जड चाकावर बरोब्बर टेकेल असा.

पण पुढे भट्टीचं दार उघडताना थोरल्याचं एक मनगट भाजलं आणि त्या हाताच्या बोटांतली पकड कायमची गेली. नेमका त्याच सुमारास धाकट्याला दूरच्या महाविद्यालयात जीवशास्त्राला प्रवेश मिळाला. ज्या विषयाच्या पुस्तकांवर हा पोरगा जेवताना डाळ सांडायचा, तो विषय! आणि तो म्हणाला, "मी जात नाही, वहिनी. दादाचं चाक आता मी चालवीन."

लाख समजावलं. ऐकेना. तेव्हा वहिनीने मन दगडाचं केलं. ती फळीपाशी गेली, त्याने घडवून वाळत ठेवलेली कच्ची भांडी तिने एकेक करून उचलली आणि त्याच्या डोळ्यांदेखत मातीच्या हौदात टाकली, जिथे फसलेली भांडी पुन्हा चिखल व्हायला टाकतात. कुंभाराचा याहून मोठा अपमान नसतो! "सगळी वाकडी आहेत," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं हसतात. या चाकाला तुझी गरज नाही आणि या घरालाही नाही. जा कुठे जायचं तिकडे!"

तो गेला. शिकला, मोठा झाला, याच शहरात परतून इस्पितळात पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुखही झाला... दादाला बाहेरच्या बाहेर भेटायचा. पण घराचा उंबरा त्याने पुन्हा ओलांडला नाही. त्याच्या जागी चाकावर वहिनी बसली. तिचा पाय आखूड, बाक उंच. म्हणून ती कडेवर सरकून, कमरेत वाकडी होऊन, खुब्यातून ताणून ताणून चाकाला लाथ मारत राहिली, आणि नवऱ्याने करवत काढली की पाय रोवून आडवी येत राहिली.

"हट्टीपणाला काही सीमा?" नवऱ्याने करवत खाली ठेवली. "माझं तर तू ऐकणार नाहीसच. म्हणून मी त्याला बोलावलंय."

"कुणाला?"

उत्तराची गरजच पडली नाही. दारात सावली पडली आणि पाठोपाठ चौकटीवर कपाळ आपटल्याचा ठक् असा आवाज झाला.

"खाली वाक रे, बुटक्या!" वहिनीच्या तोंडून निघून गेलं. एक क्षण उशिराच!

कपाळ चोळत तो उभा राहिला. कानांपाशी पांढरे केस आले होते. हसू ओठांवर येतं न येतं तोच त्याने ते परतवलं.

"मी कामासाठी आलोय," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "पेशी आमच्याकडे वाढणार आहेत. त्या जिथे जाणार तिथे त्यांच्यावर काय भार पडतो ते बघून या, असं डॉक्टर म्हणाल्या. चाक चालवून दाखवता का?"

चालवून दाखवता का! ज्या तोंडाने 'वहिनी, भूक लागली' म्हणून घर डोक्यावर घेतलं जायचं, त्या तोंडातून हे परकं, आदबशीर 'दाखवता'... तिच्या अंतःकरणात काहीतरी तुटलं. पण ती वहिनी होती. मान ताठ ठेवून ती बाकाच्या कडेवर सरकली आणि पाय ताणून तिने चाकाला लाथ दिली.

तो गुडघ्यांवर बसून बघत राहिला. टाचा अधांतरी, नुसत्या बोटांनी चाक ढकललं जातंय, प्रत्येक लाथेला कंबर एका बाजूला कलतेय... त्याचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला.

"पुरे! थांबा! अहो, हे... दादा, तू आंधळा आहेस का? हिचा पाय तरी पोचतोय का तिथवर? बाक कापला का नाहीस कधी?"

"ही करवत काय शोभेला आणलीय? दर वेळी काढतो आणि दर वेळी ही वर चढून बसते!"

"पण हा बाक आहे तरी कुणाच्या मापाचा?"

वहिनी उतरून मातीच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकण्यात अगदी गढून गेली. तेव्हा कोन नीट कळावा म्हणून तो स्वतःच बाकावर बसला, आणि सहज त्याने पाय खाली सोडला.

तळवा चाकावर बरोब्बर टेकला.

चाक फिरू लागलं, मऊ, विनासायास, जणू मधली सगळी वर्षं ते याच पायाची वाट बघत होतं. तो मात्र हलला नाही. चाक गरगरत मंदावलं, थांबलं, तरी तो हलला नाही.

"वहिनी..."

किती वर्षांनी! तिचे हात फडक्यावरच थिजले.

"ती भांडी वाकडी होती?"

"मी चहा टाकते."

"चहा नकोय मला! माझ्याकडे बघून सांग. वाकडी होती ती?"

"नव्हती!" आणि इतकी वर्षं बांधून ठेवलेला बांध फुटला. "एकही वाकडं नव्हतं रे! त्या मोठ्या सुरईच्या गळ्याला तू दिलेलं वळण मला आजही साधत नाही. हौदात टाकताना माझेच हात तुटून पडतील असं वाटत होतं!"

"मग का?"

"प्रेमाने सांगितलं असतं तर गेला असतास? सांग ना! तोडून टाकलं म्हणून गेलास. आणि गेलास म्हणून आज लोकांचे सांधे भरतोस."

"मग परत का नाही बोलावलंस? मी दरवर्षी वाट बघितली, वहिनी... दरवर्षी!"

"आधी वाटलं, खरं कळलं तर शिक्षण टाकून पळत येशील. आणि मग... मग कुठल्या तोंडाने बोलावणार होते? म्हणून बाक तसाच ठेवला. म्हटलं, एक ना एक दिवस येईल. आला आणि बसला तर त्याचा पाय टेकला पाहिजे. त्याला असं वाटायला नको, की या घरात आपली जागा कुणी कापून टाकली..."

तो ताडमाड माणूस बाकावरून उतरला, तिच्यापुढे खाली बसला आणि मातीने माखलेल्या तिच्या एप्रनमध्ये डोकं खुपसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. थोरला तोंड फिरवून करवतीचे दात मोजत असल्याचं नाटक करत होता, पण त्याचेही खांदे हलत होते.

मग धाकटा उठला. डोळे पुसताना गालभर माती लागली, तसाच तो दादाकडे गेला आणि त्याने करवत मागून घेतली.

"नको रे..." वहिनी म्हणाली, पण तिच्या आवाजातला जोर ओसरला होता.

"माझी जागा राखायला तू तुझा पाय घालवलास! आता मी आलोय ना? मग राखायची कुणासाठी? सरक बघू बाजूला."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, करवत समोर असताना, वहिनी बाजूला सरकली!

पुढचं सगळं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. कूर्चेचा कण प्रयोगशाळेत गेला आणि त्या आठवड्यांत रोज संध्याकाळी वहिनीचा फोन ठरलेला, जशी शाळेत घातलेल्या पोरांची चौकशी करावी. "कशा आहेत रे माझ्या?" "तुझ्याच आहेत, कुणाचं ऐकत नाहीत. पण वाढतायत मात्र जोमाने!" मग त्या तिच्या तिला परत मिळाल्या, खुब्यात खड्ड्याच्या जागी बसवल्या गेल्या, आणि वहिनीची खरी परीक्षा सुरू झाली. कुबड्या! उजव्या पायावर भार म्हणून टाकायचा नाही, आणि घरातलं प्रत्येक काम दुसऱ्याने केलेलं नुसतं बघत बसायचं! जन्मभर इतरांसाठी झिजलेल्या बाईला याहून अवघड काही सांगता आलं नसतं. धाकटा कामावरून थेट घरी यायचा, भांडी घासायचा, माती मळायचा आणि एक डोळा तिच्या पायावर ठेवायचा.

"टेकवलास! मी बघितलं!"

"टेकवला नाही, नुसता दाखवला जमिनीला."

"दाखवायचाही नाही. फुकट घालवशील माझी सगळी मेहनत!"

ती चिडायची, बडबडायची, आणि तो स्वयंपाकघरात वळला की गालातल्या गालात हसायची. सेवा करून घेणंही शिकावं लागतं हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

कुबड्या सुटल्या, व्यायाम झाले, आणि बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर सांध्याचं नवं चित्र दाखवलं. खड्डा भरून आला होता. "अजून जपायचं," त्या म्हणाल्या, "पण चाकावर बसा आता. कापलेल्या बाकावर!"

सुट्टीच्या दुपारी तिघंही कारखान्यात जमली. ती बसली. तिचा तळवा, तिचा स्वतःचा, टाचेपासून बोटांपर्यंत चाकावर टेकला आणि खुब्यात कळ उठली नाही. तिने एक डेरा घडवला, मग दुसरा, आणि मग ती दिराला म्हणाली, "ये, बस."

तो बसला तेव्हा त्याचे गुडघे जवळजवळ कानांना लागले! थोरला हसून हसून बेजार झाला. इतक्या वर्षांत बोटंही विसरली होती. माती डगमगली, सुरईची मान एका अंगाला कलली आणि पोट दुसऱ्या अंगाला. धाकट्याने दोरीने ती चाकावरून कापून काढली, डोळ्यांसमोर धरली आणि हसत हौदाकडे निघाला.

वहिनी उठली. कुबडीशिवाय, ताठ, सरळ पावलं टाकत ती त्याला आडवी गेली, दोन्ही हातांनी सुरई काढून घेतली आणि वाळवायच्या फळीवर अगदी पुढे ठेवली.

"वहिनी, अगं वाकडी आहे ती!"

"आहेच वाकडी," ती म्हणाली, "आणि ती भट्टीत जाणार आहे. या घरात तुझ्या हातचं काहीही पुन्हा हौदात जाणार नाही!"