दुसरा ठोका

त्या शुक्रवारी सरोज म्हात्रेला एकच काम होतं. चिप भरायची, एकदा वाजवून बघायची, डबीत ठेवायची आणि शनिवारी सकाळी बाळच्या हवाली करायची. अर्ध्या तासाचं काम आहे, असं ती सकाळी आईला म्हणाली होती. माणसानं असं कधी मोठ्यानं बोलू नये.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. डोंबिवलीच्या एमआयडीसीला खेटून त्यांचं बैठं घर, आणि त्याच्या पुढच्या खोलीत सरोजचं वर्कशॉप. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, त्या बाजूची वीजही बंद. एरवी दिवसभर कानाशी भुणभुणणारे कंप्रेसर आणि पंखे सगळे गप्प पडलेले. नाल्याकडून येणारा केमिकलचा आंबूस वास मात्र सुट्टी घेत नसे. सरोज बॅटरीवर कॉम्प्युटर चालवत बसली होती आणि घड्याळात बारा वाजून गेले होते.

काम काय, तर खेळण्यातल्या आगगाडीच्या इंजिनाला आवाज द्यायचा. हसू नका. परदेशात पन्नाशीचे बाप्ये घराच्या माळ्यावर रूळ मांडून बसतात, आणि आपलं वीतभर इंजिन खऱ्यासारखं धापा टाकत गेलं पाहिजे म्हणून हट्ट धरतात. त्यासाठी खऱ्या इंजिनाचा आवाज आकड्यांत मोडायचा, ते आकडे दोन पेरांएवढ्या चिपमध्ये भरायचे, आणि कोळशाच्या डब्यात लपवलेल्या रुपयाएवढ्या स्पीकरमधून परत आवाज काढायचा. हे गिऱ्हाईक बाळनं शोधून आणलं होतं. बाळ ठाण्याच्या कोपरीचा, सरोजचा कॉलेजातला दोस्त आणि धंद्यातला भागीदार. बोलायचं त्यानं आणि निस्तरायचं सरोजनं, अशी दोघांची वाटणी होती.

पण सरोजनं हे काम घेतलं ते बाळसाठी नाही. आतल्या खोलीत तिचे आबा पडून होते, गोमाजी म्हात्रे. कल्याणच्या शेडला वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते एके काळी. सात महिन्यांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, वाचा यायची तर येईल, ओळखीचं काहीतरी कानावर पडू द्या. आईनं भजनं लावून बघितली, नातवंडांना आणून बसवलं. आबा छताकडे बघत राहिले. सरोज म्हणायची, मला त्यांचा एक शब्द ऐकायचाय हो. आईवरून शिवी घातली तरी मी पेढे वाटीन.

आणि तिच्याकडे ओळखीचा आवाज होता. सोळा वर्षांची असताना मामाचा टेपरेकॉर्डर घेऊन ती कल्याणच्या यार्डात गेली होती. आबांचं इंजिन, आबांची शिटी. त्यांच्या फायरमननं, धाकूनं, माइक हातात धरला होता. "सरू, हलू नको, नायतर तुजाच श्वास भरंल त्याच्यात," असं दटावलंही होतं. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, बारीक आवाजाचा, भराभर बोलणारा, आबांना उस्ताद आणि आईला वयनी म्हणणारा. त्याच वर्षी यार्डातल्या अपघातात तो गेला. घरात त्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही.

ती कॅसेट इतकी वर्षं पत्र्याच्या पेटीत राहूनही शाबूत निघाली. आधी शिटी होती, मग चारेक सेकंद नुसती खरखर. त्या खरखरीत कुठेतरी लोखंडावर दोनदा ठोकल्यासारखं ऐकू येई. मग इंजिन हलायचं. आता चिपमध्ये जागाच मुळात चार सेकंदांची. खरखरीला कोण जागा देतो? सरोजनं मधला तुकडा कापून फेकून दिला, शिटीला धापा जोडल्या, चिप भरली आणि टेबलावरच्या रुळावर इंजिन ठेवून बटण दाबलं.

शिटी झाली. लगेच भस्स, भस्स करत इंजिन निघालं, फळीच्या टोकाला जाऊन थांबलं. आवाज बंद झाला.

आणि मग, टक.

एकदाच. लोखंडावर लोखंड.

"काय कटकट आहे!" सरोज म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा शेवटी टक. तिनं स्पीकरचे टाके तपासले, कथलाचा डाग पुन्हा दिला. टक. चिप उपसून जांभळ्या दिव्याच्या पेटीत वीस मिनिटं भाजली, कोरी केली, पुन्हा भरली, आकडा न् आकडा पडताळला. सगळं बरोबर. तरी टक. मग दुसरी चिप घेतली, मग तिसरी. बॅटरी उतरत चालली आणि सरोजचं डोकं चढत चाललं.

तेवढ्यात फोन वाजला. बाळ.

"झालं का गं? सोमवारी साहेबाचं विमान हाय."

"अरे, आवाज येतोय."

"मग आवाजच पायजे ना त्याला? भारी काम केलंस!"

"बाळ, मी फोनमधून हात घालून तुझं तोंड फोडीन. जो भरला नाही तो आवाज येतोय. तू ये इकडे, तुझे कान लाव."

"येतो ना. शीळफाट्यावरून येतो, पण तिकडे ट्रक उलटलाय म्हणे. उद्याच येतो." आणि त्यानं फोन ठेवला. बाळ असाच.

सरोजनं रागारागानं पुन्हा बटण दाबलं. शिटी, धापा, शांतता, टक. आणि या वेळी आतल्या खोलीतून पलंग करकरला.

ती धावली. आबा पालथे होण्याच्या बेतात होते. चांगला असलेला डावा हात हवेत काहीतरी शोधत होता, धरून ओढायला, नाहीतर ढकलायला. डोळे दाराकडे लागलेले. तोंडातून फक्त घरघर. आई त्यांना दोन्ही हातांनी दाबून धरत होती.

"आई, बघितलंस? हलले ते! आवाज ओळखला त्यांनी!"

आई, मंजुळाबाई, तिच्याकडे बघतही नव्हती. "किती येळा ठोकलं?" तिनं हळूच विचारलं.

"काय?"

"आता मंगाशी वाजलं नाय? किती येळा?"

"एकदा. अगं, ते काहीतरी बिघडलंय चिपमध्ये, मी सकाळपासून…"

"दुसरा आला नाय?"

"नाही. का?"

आईनं आबांचा हात पलंगावर दाबून धरला, त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात सांगू लागली. सरोजला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

गोमाजी आणि धाकू यांची एक खूण होती. धाकू तेल घालायला, राख पाडायला इंजिनाखाली उतरला असला तर गोमाजी आधी शिटी द्यायचा आणि थांबायचा. धाकू पान्यानं लोखंडावर ठोकायचा. एकदा ठोकलं तर थांब, मी खाली आहे. दोनदा ठोकलं तर मी बाहेर आलो, चल. बाकी कोणाचं असलं काही नव्हतं, या दोघांचंच होतं, आणि त्याचा दोघांना भारी अभिमान.

"त्या दिशी गाडीला उशीर झालेला. यानं शिटी दिली. येक ठोका आला. याला वाटलं, दुसरा येतोच हाय…" आई थांबली. "यानं वाट नाय बघितली, सरे. हँडल ओढलं."

सरोज पलंगाच्या कडेला बसली.

"कोणाला सांगितलं?"

"मना येकटीला. येकदा. मंग कदी नाय." आई म्हणाली. "रेलवेच्या सायबानं लिवलं, धाकूची चूक. यानं गप सही केली. धाकूची आयस, म्हातारी तुळसा, ती पाया पडून गेली याच्या. म्हनली, तुमी व्हते म्हनून त्याला शेवटाला पानी तरी मिळालं."

बाहेर एक कुत्रं सावलीत धापा टाकत पडलं होतं. सरोजला मग राग आला. आबांचा आला, सही करून घेणाऱ्या साहेबाचा आला, पण सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. शिटी आणि हालचाल यांच्यामधली वाट बघायची जागा तिनं कचरा म्हणून कापली होती. आणि कशासाठी? जागा वाचवायला! अगं मूर्खे, शांततेला चिपमध्ये जागा लागतेच कुठे? तिचे आकडे कशाला भरायचे? शिटी झाली की इतके सेकंद थांब, एवढंच प्रोग्रामला सांगायचं. दोन ओळींचं काम. थांबायला काहीही लागत नाही.

"मी नीट करते," ती म्हणाली.

"नको," आई म्हणाली. "फेकून दे ती चिप. बाळला सांग, नाय जमलं."

"आई, सात महिन्यांत ते आज पहिल्यांदा हलले. तू बघितलंस ना? दोन ठोके ऐकू येऊ देत त्यांना. एकदाच. डोक्यातून जाऊ दे त्यांच्या. कदाचित बोलतील गं…"

आबांना बोलतं करायचं म्हटल्यावर आईलाही नको म्हणवेना.

सरोजनं दोन ओळी घातल्या. टेपवरचे ठोके मुद्दाम घेतले नाहीत. ते घेतले असते तर खोटेपणा झाला असता, असं तिला का वाटलं कोण जाणे. मधे कोरी वाट बघणं, बाकी काही नाही. चिप बसवली. रुळाची फळी उचलून आतल्या खोलीत आणली, आबांच्या पलंगाशेजारी स्टुलांवर ठेवली. इंजिनाच्या तारा बॅटरीला जोडल्या.

"आबा," ती म्हणाली, "ऐका हं."

बटण दाबलं.

शिटी झाली. मग काही नाही.

एक सेकंद… दोन. त्या खोलीत इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. केमिकलचा वास कुठे गेला होता कोण जाणे. त्या जागी गरम तेलाचा आणि ओल्या राखेचा वास येत होता. आबांनी डोळे मिटून घेतले होते. तीन…

टक.

आवाज इंजिनातून आला नाही. खालून आला. पलंगाखालून, फरशीच्या बाजूनं.

आईनं सरोजचं मनगट पकडलं.

…टक.

वीतभर इंजिन हललं. भस्स, भस्स करत फळीवरून गेलं, टोकाला पोचलं आणि गप्प झालं. पुढे काही वाजलं नाही. सरोज वाट बघत राहिली, पण काही म्हणजे काही वाजलं नाही.

आबांनी डोळे उघडले. मग त्यांचा उजवा हात, सात महिने लाकडासारखा पडलेला उजवा हात उठला आणि त्यांनी त्याच्या पालथ्या बाजूनं कपाळावरचा घाम पुसला.

"पानी द्या," ते म्हणाले.

सरोज किंचाळलीच. "आई! बोलले! आबा बोलले गं!" ती हसत होती, रडत होती, पाण्याचा पेला भरताना अर्धं पाणी जमिनीवर सांडत होती. आवाज बारीक येत होता, पोरसवदा. येणारच. इतके महिने घसा वापरला नाही, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिनं पेला आईच्या हातात दिला आणि आबांच्या पाठीला उशी लावली. ते आपले आपण उठून बसले.

ते सरोजकडे बघत राहिले. बराच वेळ. ओळख पटवत असल्यासारखे.

"ही सरू काय?" ते भराभर म्हणाले. "क्येवडी झाली!"

"हो आबा, मीच… सरोज…"

त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते खोलीभर बघत होते, दाराकडे, खिडकीकडे, पलंगाच्या खाली वाकून. कोणीतरी असायला हवं तिथे नाही, असं तोंड झालं होतं. मग त्यांनी मंजुळाबाईंकडे बघितलं, आणि मान खाली घालून, अदबीनं विचारलं.

"वयनी… उस्ताद कुटं हायेत?"

सरोज आईकडे बघायला लागली.

"मी दोनदा ठोकलं. वर आलो, तर गाडीवर कोनच नाय." आवाज कापायला लागला होता. "उस्ताद खाली उतरलेत काय, वयनी? कारन गाडी तर… गाडी तर हलली ना आता."

"आई," सरोज म्हणाली, "ते गोंधळलेत. होतं असं. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला माणूस गोंधळतो… आई, पाणी दे ना त्यांना."

मंजुळाबाई पेला घेऊन उभ्याच होत्या. सात महिने त्यांनी ते शरीर रोज आपल्या हातांनी पुसलं होतं, कूस बदलली होती, घास भरवला होता. त्या एकेक पाऊल मागे सरकत भिंतीला जाऊन टेकल्या. पेला जमिनीवर ठेवला, हातानं लांबूनच पुढे सरकवला.

आणि परक्या बाप्यासमोर उभं राहावं तशा त्यांनी डोक्यावरून पदर ओढून घेतला.