तळटिपेतली बाई

दुपारच्या कार्यक्रमाला निम्मी माणसं विषयासाठी येतात आणि निम्मी गार हवेसाठी. ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावरचं सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. मंचावर मधल्या खुर्चीत प्रकाशक, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी धाकटी बहीण. आम्ही दोघंही इतिहासकार. दोघांची पुस्तकं एकाच आठवड्यात, एकाच प्रकाशकाकडून आलेली, आणि विषयही एकच: आमच्या गावातल्या काडेपेटीच्या कारखान्याला आमच्या जन्माआधी लागलेली आग. भाऊ-बहीण समोरासमोर बसवले तर दोन्ही पुस्तकं खपतील, असा प्रकाशकाचा हिशेब होता. आमच्यात भांडण आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ते धाकटीलाही ठाऊक नव्हतं.

भांडण माझ्या मनात होतं. गेली काही वर्षं मला वाटत होतं की ही बाई माझ्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढते. मी दफ्तरखान्यात धूळ खाऊन एखादी गोष्ट शोधायची आणि पुढे ती हिच्या लेखात, माझ्यापेक्षा बऱ्या भाषेत, वाचायची. विचारलं तर म्हणायची, "दादा, अरे कागद तेच, मग दोघांना तेच सापडणार ना?" हे पटण्यासारखं होतं, म्हणून राग जास्त यायचा.

शेवटी मी सापळा लावला. जुने नकाशे काढणारे नकाशात एखादी खोटी गल्ली घालून ठेवत. दुसऱ्याच्या नकाशात ती दिसली की चोर सापडला. मी माझ्या पुस्तकात एक खोटी बाई घातली. एका तळटिपेत, एका वाक्यात. 'लेबल खात्यातली एक मुलगी, जिला सगळे डावखुरी म्हणत, आग लागण्याच्या जरा आधी बाहेर पडली आणि वाचली.' अशी कुणी नव्हती. त्या खात्यातून कुणीही वाचलं नव्हतं. पुस्तकाचा कच्चा मजकूर मी धाकटीला वाचायला पाठवला आणि वाट बघत बसलो.

तिचं पुस्तक आलं तेव्हा त्यात डावखुरीवर एक अख्खं प्रकरण होतं.

ते मी पहिल्या दोन पानांपुढे वाचलंच नाही. वाचायची गरज काय, चोर तर सापडला होता. आज भर सभेत, ध्वनिमुद्रण चालू असताना, मी हे सांगणार होतो. त्यानंतर तिला कुणी इतिहासकार म्हटलं नसतं, विद्यापीठातली नोकरीही राहिली नसती. हे सगळं मला कळत होतं, आणि तरी सकाळी शर्टाला इस्त्री करताना मी शीळ घालत होतो.

या आगीचा आमच्या घराशी संबंध होता, हे प्रकाशकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं. आमच्या वडिलांची मोठी बहीण त्या लेबल खात्यात होती. तिला आम्ही आत्या म्हणावं इतकी ती जगलीच नाही. घरात तिचा फोटो नव्हता, कारण कुणी काढलाच नव्हता. बाबा तिच्याबद्दल क्वचित बोलायचे, आणि बोलले तर नुसतं 'ताई' म्हणायचे. म्हातारपणीही तो शब्द ते लहान मुलासारखा उच्चारायचे. त्या एका शब्दाने आम्हा दोघांना या धंद्यात आणलं.

"मग आता तुम्ही सांगा," प्रकाशक माझ्याकडे वळला, "बहिणीच्या पुस्तकातलं काय आवडलं?"

मी माइक जवळ ओढला. आधी आगीबद्दल बोललो, कारखान्याच्या बांधणीबद्दल बोललो, एक सोडून बाहेरून कडी लावलेल्या बाकीच्या दारांबद्दल बोललो. माझा आवाज बरा लागला होता. मग म्हणालो, "आणि डावखुरीचं प्रकरण तर फारच सुंदर आहे. अडचण एवढीच आहे की डावखुरी नावाची बाई कधी नव्हतीच. ती मी बनवली होती."

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. प्रकाशकाचं हसू ओठांवर तसंच राहिलं. मी सापळ्याची सगळी गोष्ट सांगितली, नकाशातल्या गल्लीसकट. सांगताना धाकटीकडे पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. माझ्याकडे ती आजारी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"दादा, तू माझं पुस्तक वाचलंस?"

"जेवढं हवं तेवढं."

"शेवटी ऋणनिर्देश आहे. त्यात पहिलं नाव तुझं आहे. तुझी तळटीप वाचली आणि मी त्यांना शोधायला निघाले. जुन्या वस्तीत तीन-चार घरं हिंडले, आणि सापडल्या." तिने समोरच्या रांगांकडे पाहिलं. "मला वाटलं, तुला आनंद होईल. म्हणून आज त्यांना घेऊन आले."

तिसऱ्या रांगेच्या कडेला एक म्हातारी बाई बसली होती. करड्या रंगाची शाल, मांडीवर कापडी पिशवी. तिने पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उठली. डाव्या हाताने.

त्यात काही विशेष नाही, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. डावखुरी माणसं पुष्कळ असतात. एखादी खरंच वाचली असेल आणि कागदांत आली नसेल. मी अंधारात दगड मारला आणि तो नेमका लागला. असं होतं. आमच्या धंद्यात तर फार होतं.

"आजी, तुम्ही बसूनच बोला," धाकटी म्हणाली.

"नको. बसून बसून जन्म गेला." काही जण हसले. म्हातारीचा आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "मी लेबलं चिकटवायची. डाव्या हाताला बसलेलीला माझं कोपर लागायचं, म्हणून मला ओळीच्या टोकाला बसवलं होतं."

"बाहेर का आलात?" मी विचारलं. हे मी माझ्या तळटिपेत लिहिलं नव्हतं.

"हाक आली म्हणून."

पहिल्या खर्ड्यात मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं: 'कुणीतरी तिला हाक मारली म्हणून ती बाहेर आली, तर बाहेर कुणीच नव्हतं.' फार गोष्टीसारखं वाटलं, म्हणून लगेच खोडलं होतं. धाकटीला मजकूर पाठवला तो त्यानंतर. ते वाक्य माझ्याशिवाय कुणीही पाहिलेलं नव्हतं.

"'ए डावखुरे, बाहेर ये.' अशी हाक," म्हातारी म्हणाली. "पुरुषाचा आवाज. आमच्या खात्यात पुरुष यायचे नाहीत, म्हणून दचकले. मुकादमिणीला सांगून बाहेर आले, तर अंगणात चिटपाखरू नाही. परत वळले तेव्हा दारातून धूर यायला लागला होता."

प्रकाशकाने घड्याळाकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"हाक कुणी मारली, ते मला कधी कळलं नाही. पोरींनी थट्टा केली असेल म्हणावं, तर थट्टा करायला एकही उरली नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "आज कळलं. तुम्ही मघाशी बोलायला लागलात ना, तेव्हा. हाच आवाज."

कुणी हसलं नाही. मला वाटत होतं कुणीतरी हसावं.

"आजी, त्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता," मी म्हणालो.

"ते मला काय माहीत. आवाज हाच."

धाकटी प्रकाशकाच्या मागून माझ्या खुर्चीशी आली आणि तिने माझं मनगट धरलं. ती घाबरली होती, आणि मीही घाबरलो होतो. इतिहासकाराने असं लिहू नये, पण लिहितो.

"माझ्या शेजारी तुमच्या वडिलांची बहीण बसायची," म्हातारी म्हणाली. "आमची खळ एकाच वाडग्यात असायची. मला टोकाला बसवण्याआधी माझं कोपर तिलाच लागायचं. कधी एका शब्दाने बोलली नाही."

मग तिने रागावून नव्हे, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं,

"मला हाक मारलीत. तिला का नाही मारलीत?"

कुणाला तरी वाचवायचं माझ्या मनात आलंच नव्हतं. मला फक्त बहिणीला पकडायचं होतं.

मी माइककडे वाकलो. तोंड उघडलं.

बाबा म्हणायचे तो शब्द ओठांवर आला. आवाज फुटला नाही.

सभागृह वाट बघत होतं. मग मी मागे टेकलो, आणि प्रकाशकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकांनी त्याला साथ दिली. काहींना तो ठरवून केलेला प्रसंग वाटला असावा. पुस्तकं बरी खपली.

म्हातारी गाडीत बसून नीट घरी गेली. धाकटी तिला सोडून आली. तिथे म्हातारीने चहा केला, दोघी बोलत बसल्या. काहीही वावगं घडलं नाही. ती परत आल्यावर मी तिची माफी मागितली आणि ती म्हणाली, "राहू दे रे दादा." तरी ते राहू देण्यासारखं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकाने आम्हाला कार्यालयात बोलावलं. ध्वनिमुद्रण लोकांसाठी खुलं करण्याआधी आमची परवानगी हवी होती. "शेवटचा भाग एकदा ऐका," तो म्हणाला. "तुम्ही काय बोललात ते मला तिथे ऐकू आलं नव्हतं."

"मी काहीच बोललो नव्हतो."

"नाहीच बोलला," धाकटी म्हणाली. "मी हात धरला होता त्याचा."

प्रकाशकाने फीत लावली. म्हातारीचा प्रश्न आला. कुणाची तरी खुर्ची करकरली. नंतर शांतता.

मग माझा आवाज. स्वच्छ, माइकच्या अगदी जवळून.

"ताई, बाहेर ये."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. प्रकाशकाने बोट वर करून आम्हाला थांबायला सांगितलं. अजून पुढे होतं.

ओल्या कागदावरून तळवा फिरवावा तशी हलकी सळसळ. आणि एका तरुण मुलीचा आवाज, कामातून मान वर न करता दिलेला.

"आले, आले. एवढं एक चिकटवून येते."